मायाच्या कॉलेजाचा भंडारा

धुळाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कायमची पिवळी. साबण लावा, चुलीतली राख लावा, हळद म्हणून निघायची नाही. त्याची बायको रंगुबाई म्हणायची, "ह्या माणसाला मीठ वाढू देऊ नका, मीठबी पिवळं हुतंय." पण आटपाडीच्या पूर्वेच्या त्या कोरड्या पट्ट्यात ह्या तीन बोटांना मान होता. धुळानं भंडारा उचललाय म्हटलं की लोक पुढचं विचारत नसत.

धुळा म्हणजे जमिनीच्या व्यवहारातला मधला माणूस. शहरात ह्याला एजंट म्हणतात आणि म्हणताना नाक मुरडतात. मुरडोत बापडे. धुळाची रीत साधी होती. घेणारा आणि देणारा, दोघांना बिरोबाच्या देवळात न्यायचं. देवापुढच्या ताटात भंडारा असतो. हळदच ती, पण देवापुढची. ठरलेलं मोठ्यानं बोलायचं, चिमटीत भंडारा उचलायचा, कपाळाला लावायचा. आधी देणारा, मग घेणारा, शेवटी धुळा. झाला व्यवहार. मग उद्या दुसरा कुणी दुप्पट घेऊन दारात उभा राहिला तरी माघार नाही. कागद होतात सावकाश. भंडारा मोडला म्हणून कुणी कोर्टात खेचत नाही, पण मोडणाऱ्याच्या घरचं पाणी प्यायला लोक कचरतात आणि त्याचा स्वतःचाच जीव थाऱ्यावर राहत नाही. तेवढं पुरतं.

एक नेम मात्र धुळा डोळ्यांत तेल घालून पाळायचा. मालक हजर पाहिजे. एकदा एकजण अंथरुणाला खिळलेल्या आईचं रान विकायला आला. म्हणाला, "माझंच समजा की." धुळा म्हणाला, "समजायला मी काय खुळा हाय? म्हातारीला पाठुंगळी घिऊन ये, न्हाईतर मी ताट घिऊन तिच्या हातरुणापाशी येतो. पर तिचा हात लागल्याबिगर न्हाई." आणि खरंच ताट घेऊन गेला. म्हातारीनं ताटाकडं बघितलं, पोराकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. व्यवहार बुडाला. पोरानं धुळाला शेलक्या शिव्या घातल्या. धुळा हसत घरी आला आणि दोन भाकरी जास्त जेवला.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की घोड्यावर संसार टाकायचा आणि निघायचं पलूसकडं, कृष्णेच्या काठाला. ऊसवाल्यांच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांना खत, आपल्याला धान्य. आज ह्याच्या बांधावर, उद्या त्याच्या. असं फिरता फिरता कुणाचं रान कुठं संपतं आणि कुणाचं भांडण कुठं सुरू होतं हे पोराला पाठ झालं. मग पुढं इकडं कॅनॉलचं पाणी आलं, त्यामागनं सोलरवाल्या कंपन्या आल्या. जिथं कुसळंसुद्धा लाजत लाजत उगवायची त्या माळाला गिऱ्हाईक आलं. गाड्या थांबायच्या आणि काच खाली करून लोक विचारायचे, हे रान कुणाचं? धुळाला ठाऊक असायचं. मेंढरं कमी होत गेली. शेवटी उरलेली पंधराएक रंगुबाईनं हट्टानं ठेवली. म्हणायची, "जमीन दुसऱ्याची इकतासा, मेंढरू तर आपलं आसू द्या."

माया ही त्यांची एकुलती एक. बापासारखीच काटक, आणि बापासारखी नाही ती एका बाबतीत. बाप ऐकून घ्यायचा, ही विचारायची.

ती दहावीला होती तेव्हाची गोष्ट. सुट्टी होती म्हणून धुळा तिला विट्याला घेऊन गेला. कंपनीनं घेतलेल्या एका माळाचे कागद व्हायचे होते. रजिस्टर ऑफिसात कंपनीचे लोक आत गेले, वकील गेला, लॅपटॉप घेतलेली एक तरुण बाई गेली, देणारा शेतकरी गेला. दार लागलं. धुळा बाहेरच्या बाकावर.

"आबा, तुमी आत का न्हाई?"

"माझं काम झालं की गं. आत नुसती सह्याअंगठ्यांची गर्दी."

आणि काय झालं? त्या शेतकऱ्याची विहीर माळाच्या पलीकडं. विहिरीला जायची वाट ठेवायची असं देवळात ठरलं होतं. धुळानं आपल्या तोंडानं बोलून भंडारा उचलला होता. कागदात ती वाट आलीच नाही. वर्षभरात तारेचं कुंपण पडलं. शेतकरी धुळाच्या दारात येऊन बसला. धुळा कंपनीकडं चारदा जाऊन आला. साहेबानं चहा पाजला आणि म्हणाला, कागद दाखवा. त्या दिवसापासनं माया म्हणायला लागली, "आबा, मला आत बसायचंय. तुमच्या शेजारी."

बारावी झाली तेव्हा तिनं मोबाईलवर शोधून काढलं की ह्याची डिग्री असते. रिअल इस्टेटची. तीन वर्षांची. गावात ही बातमी फुटली आणि झालं! वरच्या आळीचा नानासो, धुळाचा लहानपणापासूनचा मैतर, पारावर बसून म्हणाला, "जमिनीची डिग्री? आरं मग उद्या मेंढरांचीबी काढतील. धुळाला पयला नंबर!" सगळे हसले आणि सगळ्यात जास्त धुळा हसला. पण घरी येऊन रंगुबाईला म्हणाला, "पोरीला शिकवायची. मी आयुष्यभर बाकावर बसलो, तिनं का बसायचं?"

आता कॉलेज कुठलं? हाताशी येण्यासारखी दोन. एक सांगलीचं, जुनं, दगडी इमारतीतलं. दुसरं साताऱ्याचं, हायवेला लागून नवंकोरं. सांगलीला मायानं फोन केला आणि आवाज मोठा ठेवला, आबांना ऐकू यावं म्हणून. पलीकडून एक मॅडम बोलल्या, एखाद्या तलाठ्यासारख्या रुक्ष. कायदा आहे, हिशेब आहे, मोजणी आहे, उन्हात साईटवर उभं राहावं लागतं. पदवी विद्यापीठाची. नोकरीची हमी आम्ही देत नाही. रविवारी मुलाखत असते, पालकांना घेऊन या. फोन बंद.

धुळाला ते काही रुचलं नाही. "हे काय बोलणं झालं? इकणाऱ्यानं मालाची जरा तारीफ करावी का नको?"

"खरं बोलल्या त्या आबा," माया म्हणाली.

साताऱ्याचं मात्र निराळं. मायानं कुठंतरी नंबर काय टाकला, रोज फोन. आणि एक दिवस पांढरी गाडीच दारात! तिशीतला एक पोरगेला माणूस उतरला, पायताण बाहेर काढलं, वाकून नमस्कार केला. पृथ्वीराज त्याचं नाव, कॉलेजात प्रवेशाचं बघायचा. घोंगड्यावर मांडी घालून बसला, रंगुबाईला मावशी म्हणाला, ज्वारीची भाकरी मागून खाल्ली. रंगीत पुस्तक उघडून दाखवलं: काचेची उंच इमारत, कोट घातलेली पोरंपोरी, सगळ्यांचे दात दिसतायत. धुळाचा जीव सुपाएवढा झाला. कॉलेज आपल्या दारात आलं! चार गावांचे लोक धुळाच्या दारात येत, पण डिग्री घेऊन कुणी आलं नव्हतं. गरजवंत कोण आहे ते दारात येणाऱ्यावरून ओळखायचं, हे दुसऱ्यांना शिकवणारा हा माणूस, स्वतःच्या पोरीच्या वेळी हे साफ विसरला.

"पोरीला डिग्री मिळंल न्हवं सर? पक्की?"

"काका, मिळणार म्हणजे मिळणारच. शंभर टक्के."

"आन् काम?"

"कंपन्या स्वतः येतात न्यायला."

धुळा उठला. देव्हाऱ्यापुढचं भंडाऱ्याचं ताट घेऊन आला आणि पृथ्वीराजपुढं ठेवलं. "उचला मग."

पृथ्वीराजनं मोठ्या अदबीनं दोन बोटांत भंडारा घेतला, कपाळाला लावला, डोळेसुद्धा मिटले. त्यामागोमाग धुळानं चिमूट घेतली आणि नेहमीच्या खड्या आवाजात बोलला, "बिरोबाच्या नावानं, माझी पोरगी तुमच्याच कालेजात यील." हात कपाळाला गेला.

"आबा..." माया चहाचे कप घेऊन दारात उभी होती. पण बोलणं होऊन गेलं होतं.

पुढच्या आठवड्यात बापलेक एसटीनं साताऱ्याला निघाले. दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत गाडी पोचायला दुपार झाली. काचेची इमारत हायवेवर होती, पुस्तकातल्यासारखीच होती. फक्त ती सगळी कॉलेजाची नव्हती. खाली फरशांचं दुकान, त्यावर जिम, आणि तिसऱ्या मजल्यावर कॉलेज. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते असं. वर गारेगार एसी, आणि एका लांब खोलीत पोरंपोरी कानाला फोन लावून रांगेनं बसलेली.

खिडकीतल्या मुलीला मायानं पहिलाच प्रश्न विचारला, "पदवीवर नाव कुठल्या विद्यापीठाचं येतं?"

मुलगी गोड हसली. "मान्यतेची प्रोसेस सुरू आहे. यंदा आमचंच सर्टिफिकेट मिळेल. पुढं होईलच ना."

जिन्यात एक पोरगी डबा खात बसली होती. उत्कर्षा, कोरेगावची, दुसऱ्या वर्षाला. माया तिच्या शेजारी जाऊन बसली. धुळा दोन पायऱ्या खाली उभा राहून ऐकत होता.

"शिकवतात काय इथं?"

"सकाळी एक लेक्चर. मग कॉल लावायचे, फ्लॅट विकायचे. त्यालाच ट्रेनिंग म्हणतात." उत्कर्षानं डब्याचं झाकण लावलं. "मी बाहेरून बी.ए. करतीय. घरी अजून सांगितलं नाही. तू सांगून टाक बाई, माझ्यासारखं नको करू."

धुळा तडक पृथ्वीराजच्या केबिनमध्ये शिरला. "सर, तुमी म्हणला हुता डिग्री पक्की."

"काका! बसा, बसा. प्रोसेस चालू आहे म्हणजे होणारच की."

"तुमी भंडारा उचलला हुता."

"काय उचललं?" पृथ्वीराज क्षणभर गोंधळला, मग त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, तो टिळा! फार छान वाटलं मला काका. घरी आईलासुद्धा सांगितलं, काय साधी, प्रेमळ माणसं आहेत."

त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. हेच वाईट झालं. लबाड असता तर धुळानं त्याची गचांडी धरली असती, चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण ह्या माणसानं देवाचा प्रसाद समजून कपाळाला लावला होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगणार कोण? धुळाला उभ्या आयुष्यात भंडारा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं. ज्यानं उचलायचा त्यानं समजून उचलायचा, बस्स. समोरच्याला ठाऊक असणारच असं धरून चालायची ही चूक धुळाच्याच मुलखातला माणूस करणार, दुसरा नाही. धुळा जिना उतरून खाली आला.

परतीच्या गाडीत माया खिडकीशी बसली. "आबा, सांगलीची मुलाखत ह्या रविवारी हाय. जाऊ न्हवं?"

"मी भंडारा उचललाय, माये."

"आवं पर तिथं डिग्रीच न्हाई!"

"उचललाय."



घरी रंगुबाईनं सगळं ऐकलं आणि मटकन खाली बसली. तिला कॉलेज काय कळायचं नाही, पण भंडारा कळत होता. धुळाच्या चुलत्यानं एकदा भंडारा मोडला होता, एका मेंढ्याच्या सौद्यात. त्याच पावसाळ्यात त्याचा सबंध कळप रोगानं बसला आणि पुढं तो वाटेत कुणी भेटलं की विनाकारण हात जोडायचा. रोग काय, त्या वर्षी चार गावांत होता. पण चुलत्याच्या डोक्यातून ते गेलं नाही आणि रंगुबाईच्याही नाही.

"जाऊ द्या तिला साताऱ्याला," ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "तीन वर्सं जातील. जाऊ द्यात. पोरगी तर ऱ्हाईल."

धुळाचं अन्न तुटलं. भाकरी घ्यायची, कालवणात बुडवायची आणि तशीच ठेवायची. एकीकडं पोरीची तीन वर्षं, हातात येणारं एक बिनकामाचं सर्टिफिकेट आणि कानाला लावलेला फोन. दुसरीकडं देवापुढचा शब्द. पृथ्वीराजचे फोन येत होते, "काका, सीट धरून ठेवलीय." धुळा म्हणायचा, "येतो, येतो." रविवार जवळ येत चालला होता. माया घरात असून नसल्यासारखी. आईच्या हातातलं काम काढून घ्यायची आणि करत राहायची.

गुरुवारी सकाळी ती मेंढरांना पाणी पाजत होती. धुळा जवळ जाऊन उभा राहिला. मेंढरांकडं बघत म्हणाला, "साताऱ्याची हवा बरी आसती म्हणं."

मायानं बादली आदळली.

"आबा, त्या म्हातारीचं रान तुमी इकू दिलं न्हाई. तिचा हात लागल्याबिगर न्हाई म्हणालासा. सगळ्या गावाला सांगतासा, मालक हजर पायजे. माझा हात कुटं लागला हुता? तुमी माझा येवार केलासा तवा मी कुटं हुते?" तिचा आवाज फाटला. "मी चहा करत हुते, आबा!"

मेंढरं बिचकून बाजूला झाली. रंगुबाई दारात आली. "माये, बापाला आसं बोलत्यात व्हय गं?" पण धुळानं हात वर करून तिला गप्प केलं. तो पाण्याच्या डोणीच्या कडेला बसला. पोरगी बोलली त्यात तिळाएवढं खोटं नव्हतं. एकाही परक्या म्हातारीशी जे केलं नाही ते त्यानं पोटच्या पोरीशी केलं होतं.

दुपारी तो घरचं भंडाऱ्याचं ताट फडक्यात बांधून देवळात गेला. पुजारी केरबा ओट्यावर तंबाखू मळत होता. म्हातारा तिरसट. देव एक वेळ माफ करील, केरबा करायचा नाही, असं गावात म्हणत. धुळानं त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.

"आवं, मालक हजर नव्हता," धुळा शेवटी म्हणाला. "मग त्यो येवार धरायचा का न्हाई?"

केरबानं तंबाखू तोंडात टाकली. "मालक नव्हता तर येवार कसला? पोरगी मोकळीच हाय. ती कवा बांधलीच गेली न्हवती."

धुळानं केवढा तरी श्वास सोडला.

"थांब. खूश हू नगंस. उचलला त्यो हात कुणाचा? त्या सातारच्या पोराला काय ठावं न्हवतं. तुला सगळं ठावं हुतं. देवापुढं दुसऱ्याचं रान आपलं म्हणून बोललास तू."

"मग म्या काय करू?"

"मला काय इचारतुस? मी काय कोर्ट हाय? हितं माणसांस्नी घिऊन तूच येतुस, तूच सांगतुस काय करायचं ते. आता सांग की सोताला."

असं बोलून केरबा आत निघून गेला. धुळा ओट्यावर बसला. त्याला एकेक माणूस आठवत गेला. ह्या ओट्यावर बापजाद्यांचं रान देणारे, देऊन झाल्यावर खांबाला टेकून रडणारे. सगळे धुळाच्या हातावर विसंबून आले होते. आता पुढचा माणूस येईल, त्याला ह्याच बोटांनी ताट पुढं करायचं आणि म्हणायचं, उचल, आणि मोडू नकोस? कुठल्या तोंडानं? ऊन उतरेपर्यंत तो बसून होता. मग उठला, गाभाऱ्यात गेला आणि फडकं सोडून घरचं ताट देवापुढच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे ऱ्हाऊ दे हितंच," तो म्हणाला. "मी आता उचलणार न्हाई. कवाच न्हाई."

केरबा समईची वात सारखी करत होता. त्यानं मान वर केली. म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "आन् पोटाचं रं?"

"मेंढरं हायती की."

"पंधरा."

"वाढतील."

घरी येऊन त्यानं मायाला एवढंच सांगितलं, "केरबाला इचारलं. तू मोकळी हायस. रविवारी जायचं सांगलीला."

मायाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिनं विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहील ती माया कसली, "आन् तुमी?"

"मी बी," धुळा म्हणाला. आयुष्यात इतकं सरळ खोटं तो कधी बोलला नव्हता. मग बाहेर जाऊन त्यानं पृथ्वीराजला फोन लावला. "पोरगी येत न्हाई सर. तुमचं काय चुकलं न्हाई. माझं चुकलं." पलीकडून "काका, एकदा शांतपणे विचार..." असं सुरू झालं तेव्हा त्यानं फोन खिशात टाकला.

शनिवारी नानासो आला. माया आईबरोबर बाजारला गेली होती. नानासोचा माळ बरीच वर्षं पडून होता, आता चांगलं गिऱ्हाईक मिळालं होतं. गिऱ्हाईक गाडीत बसलेलं. "चल गड्या, देवळात. तुज्याच हातानं व्हायला पायजे."

"मी न्हाई येत, नाना. दुसरं कुणी बघ."

"आँ? भाव खातुस व्हय रं माज्याजवळ? मैतराजवळ?"

"भाव कसला." धुळा खाली बघत म्हणाला. "माज्याकडनं भंडारा मोडलाय. माज्या हातावर आता कुणी रान दिऊ ने."

नानासोला आधी ती थट्टाच वाटली. मग त्यानं धुळाचं तोंड बघितलं. पारावर सगळ्यांना हसवणारा हा गडी गाडीकडं बघायला लागला. धुळानं चहा विचारला. नानासो म्हणाला, "नको, गाडी थांबलीय," आणि उठून गेला. नानासो धुळाच्या घरचा चहा नको म्हणाला, असं ह्यापूर्वी कधी झालं नव्हतं. गाडीचा आवाज लांब गेला तसा धुळा विहिरीवर गेला, एक खरबरीत दगड घेतला आणि अंगठा आणि ती दोन बोटं घासायला बसला. कातडी सोलेपर्यंत घासत राहिला.

रविवारी ते सांगलीला पोचले. जुनी इमारत, दारात कडुनिंब, आत करकरणारा पंखा. मुलाखतीच्या खोलीत फोनवरच्याच मॅडम होत्या, संयोगिता नाव, दिसायलाही आवाजासारख्याच. धुळा सवयीनं बाहेरच्या बाकावर बसायला निघाला. मॅडम म्हणाल्या, "पालकांनीही आत यायचं." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मायाशेजारच्या खुर्चीवर टेकला. हात मांडीखाली घेऊन बसला.

मॅडमनी दोनचार गोष्टी विचारल्या. माया न अडखळता बोलत होती. मग मॅडम म्हणाल्या, "मुली ह्या विषयाला फारशा येत नाहीत. तुला हेच का शिकायचंय?"

हे उत्तर माया दोन वर्षांपासून मनात घोळवत होती. "माझे वडील जमिनीचे व्यवहार जुळवतात. त्यांनी शब्द दिला की आमच्याकडं माणसं डोळे झाकून मानतात. पण कागद आत होतात आणि वडील बाहेर बसतात. त्यामुळं एका माणसाची विहिरीची वाट गेली. मला शिकून वडिलांबरोबर काम करायचंय. त्यांचा शब्द आणि माझा कागद, दोन्ही असलं तर कुणाची वाट जाणार नाही."

मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. त्या धुळाकडं वळल्या. "म्हणजे तुम्ही एजंट आहात. किती वर्षं करताय हे?"

धुळानं मायाकडं बघितलं नाही. आठवड्यात एक खोटं बोलून झालं होतं. दुसरं त्याच्या तोंडातून निघेना.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "मी मेंढरं राखतो."

मॅडमची नजर सावकाश मायाकडं फिरली. मुलाखतीत वाढवून सांगणारी पोरं त्यांनी पुष्कळ बघितली होती. मायाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आबा?" ती पुटपुटली. आपण काय करून बसलो हे धुळाच्या ध्यानात आलं. पोरीला खोटारडी ठरवली की आपण! तो खुर्चीच्या कडेला सरकला आणि घाईघाईनं बोलला, "तिचं खरं हाय बाई. तिच्या बोलण्यात खोट न्हाई. गुरुवारपतुर खरं हुतं."

हात जोडायला म्हणून त्यानं मांडीखालचे हात बाहेर काढले होते. मायानं ते बघितले. अंगठा आणि दोन बोटं सोललेली, लालबुंद, आणि हळदीचा मागमूस नाही. तिला कळायचं तेवढं सगळं कळलं. गुरुवारी आबा 'मी बी' म्हणाले होते ते खोटं होतं, हेही कळलं.

"मग," मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "शिकून झाल्यावर तू काम कुणाबरोबर करणार?"

मायानं हात पुढं करून बापाची ती सोललेली बोटं आपल्या मुठीत धरली. धुळा सोडवून घ्यायला बघत होता, परक्या बाईसमोर हे काय म्हणून, पण तिनं सोडली नाहीत.